मारुती ८००: प्रेशर प्लेट बदलतानाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी नुसती ओरडायला लागली. इंजिनाचा आवाज चढतोय, स्पीडोमीटरचा काटा मात्र तिथल्या तिथे. दुसऱ्यात टाकल्यावर तेवढ्यापुरतं सावरलं, पुढच्या वळणावर पुन्हा तेच. वर पोचेपर्यंत गाडीत जळका वास भरला होता. बायको म्हणाली, ब्रेक जळतोय का? ब्रेकचा वास उतारावर येतो, हा चढावर आला, म्हणजे घसरणाऱ्या क्लचचा.

गाडी २००४ ची मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शन), चार गिअर, कोल्हापूरचा एमएच-०९ नंबर. दाजींनी नवी घेतली होती, गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. कंपनीने ८०० बनवणं जानेवारी २०१४ मध्ये थांबवलं, पण सुट्या भागांची अजून अडचण नाही आणि बॉनेटखाली हात घालायला जागा आहे. घरच्या शेडमध्ये काम काढायचं तर हीच गाडी बरी.

इंजिन निवल्यावर खात्री करून घेतली. सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, चौथा गिअर, थोडी रेस देऊन क्लचचं पेडल सोडलं. क्लच ठणठणीत असेल तर इंजिन जागच्या जागी बंद पडतं. हे पेडल पूर्ण सोडल्यावरही फिरत राहिलं, मग कुठे रडतखडत बंद झालं. ही चाचणी पुन्हा पुन्हा करायची नसते. त्या दोन-तीन सेकंदांत प्लेट जेवढी घासते, तेवढी चार दिवस शहरात फिरून घासणार नाही.

दाजींना फोन केला. ते म्हणाले, "अरे, क्लच प्लेट तर नवी टाकलीय, गाडी तुला द्यायच्या आधीच. रिव्हर्स पडताना खरकन आवाज यायचा म्हणून." बिल पाठवा म्हटलं.

७ जानेवारी, मंगळवार

बिल आलं. त्यावर एकच ओळ, क्लच प्लेट. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट नाही, पेडल दाबल्यावर तो दाब काढणारं रिलीज बेअरिंग नाही, पेडलची केबल नाही. मजुरी मात्र गिअरबॉक्स उतरवल्याची पूर्ण. गिअरबॉक्स खाली आलेला असताना जुनी प्रेशर प्लेट पुसून परत लावायची, ही काटकसर मला कधी कळली नाही. पण बिलावरून गुन्हा सिद्ध होत नाही, म्हणून संध्याकाळी शेजारच्या मिस्त्रींना बोलावलं. आयुष्य गॅरेजात गेलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे गाडीखाली झोपत नाहीत, पण खुर्ची टाकून बसले की डोळे सगळीकडे.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायला लावलं आणि गिअरबॉक्सवरचा क्लचचा लिव्हर बोटाने हलवून बघितला. "सर, हिला पलेच न्हाई. कुणीतरी केबल आवळून आवळून ठेवलीया."

खरंच प्ले नव्हता. लिव्हर केबलच्या ओढीने ताठ उभा. तिथे दोन ते चार मिलिमीटर मोकळा हेलकावा लागतो, पेडलवर तो साधारण बोटभर जाणवतो. इथे शून्य. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर टेकून बसलेलं. पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यांना आपण शिव्या देतो, इथे केबलनेच कायमचा पाय ठेवला होता.

प्ले नसला की क्लच का जळतो, ते नीट लिहून ठेवतो. प्रेशर प्लेटमधली मुख्य वस्तू म्हणजे डायफ्राम स्प्रिंग. परातीसारखी किंचित खोलगट पोलादी चकती, मधून कापून पाकळ्या केलेल्या. तिची बाहेरची कड लोखंडी रिंगला फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाकडे, दाबते आणि मधे क्लच प्लेट आवळली जाते. पाकळ्यांची आतली टोकं बेअरिंगने दाबली की बाहेरची कड उचलली जाते आणि प्लेट सुटते. आता प्लेटचं अस्तर झिजलं की रिंग फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगची कडही तिकडे जाते आणि आतली टोकं उलट दिशेने, गिअरबॉक्सकडे, बाहेर येतात. तेही अस्तराच्या झिजेच्या तीन-चार पट. म्हणजे नुसत्या झिजेनेच पाकळ्या बेअरिंगकडे चालून येतात आणि प्ले खातात. अशा क्लचची केबल वय वाढेल तशी सैल करायची असते. लोक करतात नेमकं उलटं.

प्ले संपला की बेअरिंग पाकळ्यांना थोडं दाबून धरतं आणि प्लेटवरची पकड तेवढी कमी होते. चढाला प्लेट घसरते, घसरली की तापते, तापली की झिजते, आणि झिजली की पाकळ्या आणखी बाहेर. एकदा हे सुरू झालं की आपणहून थांबत नाही.

मग केबल आवळली कशाला? रिव्हर्सच्या खरकनसाठी, दुसरं काय. तो क्लच पूर्ण न सुटण्याचा रोग, हा क्लच न धरण्याचा. पहिल्यावर औषध म्हणून केबल आवळली आणि दुसरा ओढवून घेतला. पण पहिला तरी का झाला होता, हे गिअरबॉक्स खाली आल्याशिवाय कळणार नाही. केबल सैल करून बघितली, प्ले आला, लगेच रिव्हर्स खरखरायला लागला. म्हणजे आत कुठेतरी पेडलची चाल वाया जातेय.

११ जानेवारी, शनिवार

खरेदी. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा एकाच कंपनीचा सेट, नवी क्लच केबल, चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही शाफ्टचे ऑईल सील, क्रँकचं मागचं सील, रिलीज शाफ्टचे (लिव्हरने फिरून फोर्कने बेअरिंग ढकलणारा दांडा) बुश, म्हणजे त्याला धरणाऱ्या कड्या, आणि गिअर ऑईल. दुकानदाराने आधी सुटी प्रेशर प्लेट पुढे केली, "तुमची प्लेट नवीच आहे म्हणताय ना." नवीच होती, आता जळलेली नवी आहे.

दुकानात काउंटरवरच प्रेशर प्लेट सपाट काचेवर ठेवून पाकळ्यांची टोकं डोळ्याच्या रेषेत आणून बघितली. सगळी एका उंचीत हवीत. वाहतुकीत पडलेल्या प्लेटची एखादी पाकळी खाली-वर असते, मग क्लच सोडताना गाडी थरथरते आणि मिस्त्री बिचारा इंजिनाचे माउंटिंग बदलत बसतो. पहिल्या खोक्यातली एक पाकळी जरा दबलेली वाटली, दुसरं खोकं मागितलं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण दिलं. क्लच प्लेट हबमधून धरून उजेडासमोर फिरवली, वाकडी नाही. खोक्यावरचा होलोग्राम वगैरे बघून घ्यावा, या भागांत डुप्लिकेट माल भरपूर आहे.

इनपुट शाफ्टचा, म्हणजे क्लच प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचा, एक जुना तुकडा मिस्त्रींच्या भंगारात मिळाला. प्लेट मध्यावर बसवायला तोच. प्लॅस्टिकचा डमी मिळतो, पण खऱ्या शाफ्टचे दात प्लेटच्या हबमध्ये बसतात ते जास्त भरवशाचं.

१२ जानेवारी, रविवार

गिअरबॉक्स उतरवला. सकाळी लवकर सुरुवात केली, भाचा मदतीला होता.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मग बॅटरीच बाहेर. पुढच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच सैल, हबचा मोठा नटही तेव्हाच, गाडी उचलल्यावर त्याला जोर लावणं म्हणजे गाडी पाडायची तयारी. मागच्या चाकांना दगड. जॅकने उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपायचं नाही, भाच्याला हे दोनदा सांगितलं आणि तरी त्याने विचारलंच.

गिअर ऑईल काढलं. काळं होतं, पण चुंबकावर भुगा नाही, म्हणजे गिअरबॉक्सची तब्येत बरी. मग स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाईटची वायर, क्लच केबल, स्टार्टर, गिअरच्या दांड्या. दांड्यांच्या जोडाला पंचने खूण केली, म्हणजे परत लावताना गिअर शोधत बसायला नको. दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला आणि चाकाच्या शाफ्टचं आतलं टोक पहारीने गिअरबॉक्सपासून हलकेच उचकटलं. इथे जोर नाही, झटका लागतो. आत तारेची सर्कलिप असते, ती एकदा सुटली की शाफ्ट हातात येतो. शाफ्ट लोंबकळत ठेवला तर सीव्ही जॉइंटचा रबर बूट फाटतो, म्हणून दोन्ही तारेने वर बांधले.

इंजिनाच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावला, कारण गिअरबॉक्सचं माउंटिंग काढलं की इंजिन त्या बाजूला कलतं. मग बेल हाऊसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे, बोल्ट. वरचा एक बोल्ट असा आहे की तो दिसतही नाही आणि पान्याला जागाही देत नाही. लांब एक्स्टेन्शनला गोटी लावून, डोळे मिटून, बोटांनी. बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथे खोचला.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा लागतो. अर्धवट निघालेला असताना त्याचं वजन खाली झुकलं की इनपुट शाफ्ट प्लेटच्या हबला वाकवतो. एकाने खालून धरायचं, दुसऱ्याने हलवत ओढायचं. ८०० चा गिअरबॉक्स दोघांच्या हातात येतो, त्यासाठी हॉइस्ट नको.

प्रेशर प्लेट अजून जागेवर आहे. काळ्या भुग्याला हवा मारली नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, गॅरेजांमधून बिनधास्त हवा मारतात ते बघवत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी प्रेशर प्लेट उतरवली. बोल्ट एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचे. आत स्प्रिंगचा जोर आहे, एका बाजूने सोडला की कव्हर वाकतं. जुनी प्लेट फेकायचीच असली तरी ही सवय असू द्यावी.

आता पुरावे टेबलावर.

प्रेशर प्लेटची रिंग: जिथे प्लेट घासते तिथे निळे-जांभळे डाग. एवढ्या रंगाला लोखंड साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या घरात तापलेलं असतं. बारीक केसासारख्या चिरा गोलाच्या आडव्या. पोलादी पट्टी व्यासावर उभी ठेवून बॅटरीचा उजेड मागून टाकला तर मधल्या बाजूने फट दिसली, रिंग आतल्या बाजूला बशीसारखी खोल गेलीय. म्हणजे नवी क्लच प्लेट टाकली तेव्हाही ती पूर्ण रुंदीने टेकत नसणार.

पाकळ्या: हे बघण्यासारखं आहे. प्रत्येक टोकाला बेअरिंगने खाऊन चकचकीत पायरी पाडलीय, नख फिरवलं की अडकतं. एका बाजूच्या पायऱ्या जास्त खोल. प्रेशर प्लेटवरचा शिक्का आणि क्लच प्लेटवरचा शिक्का वेगवेगळ्या कंपन्यांचे. प्रेशर प्लेट गाडीबरोबर आलेलीच असावी.

क्लच प्लेट: अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं. रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली व्हर्निअरने मोजली, सगळ्यांत कमी ०.६ मिलिमीटर. नव्या प्लेटला १.२ च्या आसपास असते आणि ०.५ ला बाद. इतक्या थोड्या चालीत जवळजवळ सगळं आयुष्य संपवलं. तेल मात्र कुठेच नाही. क्रँकचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील दोन्ही कोरडी, म्हणजे घसरण्याचा दोष तेलावर ढकलता येत नाही.

आणि मग रिलीज शाफ्ट. मिस्त्रींनी फोर्क धरून वर-खाली हलवला आणि हसले. शाफ्ट बुशमध्ये खडखड वाजत होता. पेडल दाबल्यावर शाफ्ट आधी तिरका व्हायचा, मग फिरायचा. त्यात केबलच्या आतल्या तारेचे लिव्हरकडचे पदर तुटलेले, दाबलं की तार ताणली जायची. या दोघांनी मिळून पेडलची चाल खाल्ली, क्लच पूर्ण सुटेना, रिव्हर्स खरकन वाजला. क्लच प्लेट बदलून तो जाणारच नव्हता, म्हणून शेवटी केबल आवळून गाडी ग्राहकाच्या हातात. फोर्क एका बाजूला जास्त का दाबत होता आणि पायऱ्या एकीकडे खोल का, याचंही उत्तर त्याच बुशात.

मिस्त्री म्हणाले, "पंचवीस-तीस रुपयाचं बुश हुतं सर. तेवढ्यापायी सगळं जाळलं."

उद्या संक्रांत. काम बंद.

१५ जानेवारी, बुधवार

फ्लायव्हील काढून शिवाजी उद्यमनगरात लेथवर नेलं. काढण्याआधी क्रँक आणि फ्लायव्हीलवर एकच रेषा मारली, परत त्याच जागी बसवायला.

फ्लायव्हीलवरही निळे डाग होते, पण चिरा उथळ. लेथवाल्याला सांगितलं, फेसिंग मारताना (पृष्ठभाग खरवडून सपाट करताना) घासणारी जागा जेवढी उतरवाल तेवढीच प्रेशर प्लेट टेकते ती कडही उतरवा. नुसती आतली जागा खोल केली तर कव्हर पूर्वीच्याच उंचीवर राहतं, क्लच प्लेट आत जाते आणि स्प्रिंगचा दाब बदलतो. नवीकोरी प्रेशर प्लेट पहिल्या दिवसापासून झिजलेल्या प्लेटसारखी वागते. लेथवाल्याने माझ्याकडे बघितलं, "साहेब, उद्यमनगरात आलाय तुम्ही." बरोबर आहे. या पेठेने कोल्हापूरची ऑइल इंजिनं उभी केली, फ्लायव्हीलचं मी काय सांगणार.

डायलला लावून फिरवून फ्लायव्हील वाकडं नाही ना ते दाखवलं, काटा जेमतेम हलला. ०.२ मिलिमीटरच्या वर गेला असता तर बाद. किती उतरवलं विचारलं तर, डाग जाण्यापुरतं. एखादा निळा ठिपका अजून पुसट दिसतो. तो पूर्ण घालवायच्या नादात फ्लायव्हील पातळ करणं मला पटत नाही.

येताना बेकरीतून खारी घेतली, हे कामाचं नाही पण लिहितो.

१८ जानेवारी, शनिवार

रिलीज शाफ्टचे जुने बुश ठोकून काढले, नवे बसवले. शाफ्ट आता बोटाने फिरतो आणि हलत नाही. शाफ्टला आणि फोर्कच्या टोकांना ग्रीस. नवं बेअरिंग गाईडवर मोकळं सरकतं का ते बघितलं. बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवायचं नाही, ते सीलबंद असतं, आतलं ग्रीस गेलं की संपलं.

क्रँकचं सील बदलून टाकलं. जुनं कोरडं होतं, पण एवढ्या खोल पुन्हा कोण उतरणार. फ्लायव्हील खुणेवर खूण ठेवून बसवलं, बोल्ट समोरासमोर आवळले.

१९ जानेवारी, रविवार

प्रेशर प्लेट बसवायचा दिवस. हे काम तासाभराचंही नाही, पण सगळी मेहनत यातच वाया जाऊ शकते, म्हणून सविस्तर.

नव्या प्रेशर प्लेटच्या रिंगवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो थिनरने, स्वच्छ पांढऱ्या फडक्याने, फडक्यावर डाग येणं थांबेपर्यंत पुसला. फ्लायव्हीलही तसंच. त्यानंतर दोन्हींना बोट लावायचं नाही. भाच्याचे हात खारीच्या तुपाचे होते, त्याला धुऊन यायला पाठवलं.

क्लच प्लेट आधी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर घालून बघितली, दातांवर सहज सरकली. दातांना ग्रीसचा नुसता हात फिरवला, जास्तीचं फडक्याने काढलं. जास्त ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जातं आणि मग सुरुवातीपासून पुन्हा.

प्लेटची बाजू. मधल्या हबचा जाड फुगवटा, जिथे स्प्रिंगा दिसतात, तो गिअरबॉक्सकडे. उलटी लावली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो किंवा क्लच सुटतच नाही. नव्या प्लेटवर बाजू छापलेली होती, तरी बसवण्याआधी कोरडी टेकवून, हाताने फिरवून बघितली. कुठे अडत नाही.

मग जुना इनपुट शाफ्ट प्लेटच्या हबमधून फ्लायव्हीलच्या मध्याशी. वरून प्रेशर प्लेट, डॉवेलवर (जागा धरणाऱ्या पिनांवर) बसवून, सगळे बोल्ट आधी हाताने. आटे सरळ धरले पाहिजेत, पाना लावून सुरुवात करायची नाही. त्यानंतर समोरासमोर, दर वेळी अर्धा-पाऊण फेरा. कव्हर फ्लायव्हीलला टेकेपर्यंत हाच क्रम. या वेळी स्प्रिंग दबत असते आणि पाकळ्या हळूहळू सपाटीला येताना दिसतात. एका बाजूने घाई केली तर डॉवेलवर कव्हर तिरकं अडकतं, बोल्टला वाटतं आवळला गेला, आणि पाकळ्या कायमच्या वर-खाली राहतात. मधे मधे जुना शाफ्ट हलवून बघितला. तो हाताने आत-बाहेर जायला हवा, जड झाला की प्लेट मध्यावरून सरकली. शेवटी टॉर्क पान्याने २३ न्यूटन-मीटर, सगळ्यांना सारखे.

मिस्त्री खुर्चीतून बघत होते. ते टॉर्क पाना वापरत नाहीत, हाताला कळतं म्हणतात. त्यांच्या हाताला कळतंही. माझ्या हाताला कळत नाही, म्हणून पाना.

पाकळ्यांची टोकं पट्टी आडवी ठेवून तपासली, एका रेषेत. जुना शाफ्ट काढला, मध्यातून बघितलं तर हबचं आणि फ्लायव्हीलचं भोक बरोबर एकावर एक.

गिअरबॉक्स चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते इंजिनात गाईड म्हणून लावले होते. गिअरबॉक्स त्यांच्यावर टेकवला की वजन हातावर येत नाही आणि प्लेटच्या हबवरही येत नाही. शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि अडला. अशा वेळी बेल हाऊसिंगचे बोल्ट आवळून खेचायचा मोह होतो. खेचला की प्लेटचा हब वाकतो किंवा गिअरबॉक्सचा कान तुटतो. गिअर टाकून शाफ्टच्या बाजूने आतला भाग किंचित फिरवला, दाताला दात मिळाला आणि गिअरबॉक्स हाताने आत गेला. मगच बोल्ट.

पुठ्ठ्यावरचे बोल्ट आपापल्या जागी. माउंटिंग, स्टार्टर, दांड्या खुणेवर. शाफ्टचे नवे सील लावून, त्यांच्या ओठांना तेल लावून शाफ्ट आत ढकलले, सर्कलिपचा टक् आवाज दोन्हीकडे आला. बाहेर ओढून खात्री केली. बॉल जॉइंट, हब नट, पिन. गिअर ऑईल लेव्हलच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.

नवी केबल आतून ग्रीस लावून टाकली, वळण मोठं ठेवलं, एक्झॉस्टपासून लांब. लिव्हरवर तीन मिलिमीटर प्ले. आधी पेडल काही वेळा पूर्ण दाबून सोडलं, केबल जागेवर बसल्यावर प्ले थोडा वाढला, मग पुन्हा तीनवर आणला.

गाडी चालू करून क्लच दाबला, दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पेडल इतकं हलकं की पाय खाली आपटला. झिजलेल्या क्लचमध्ये स्प्रिंगचा जोर आधी वाढतो आणि नंतर घसरतो, त्यामुळे पेडल जड होत गेलेलं रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. दाजी हीच गाडी वर्षानुवर्षं चालवत होते, त्यांनी पेडल जड असल्याची कधी तक्रार केली नव्हती.

२१ जानेवारी, मंगळवार

शहरात फिरवली. राजारामपुरी, स्टेशन रोड, रंकाळ्याची संध्याकाळची गर्दी. पहिल्या एक-दोन दिवसांत क्लच सोडताना किंचित थरथर होती, नवं अस्तर आणि नुकतंच फेसिंग मारलेलं फ्लायव्हील एकमेकांना बसेपर्यंत ती असते. आज जवळजवळ नाही. हाफ क्लचवर चढावर गाडी तोलून धरायची नाही, असं घरात जाहीर केलंय. निदान पहिले पाचशे किलोमीटर.

गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता, तेलाचा थेंब नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

खरी परीक्षा. राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाट उतरलो, खाली चहा घेतला आणि चार माणसं बसवून परत वर. वळणावर मुद्दाम तिसऱ्यात ठेवून रेस वाढवली. काटा आवाजाबरोबर चढला. ७९६ सीसीला जेवढं जमेल तेवढंच जमलं, पण जे इंजिनात तयार होत होतं ते चाकापर्यंत पोचत होतं. वास नाही. एसटीच्या मागे पहिल्या-दुसऱ्यात रेंगाळावं लागलं, तरी नाही.

दाजी बरोबर होते. घाट संपल्यावर म्हणाले, "आमच्याकडे असताना अशी कधी चढली नाही." बुशाची गोष्ट सांगितली. गॅरेजवाल्याला जाऊन विचारतो म्हणाले. विचारून काय होणार, बिलावर लिहिलेलं काम त्याने केलंच होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिव्हरवरचा प्ले मोजला, तीनच्या किंचित खाली. नवी प्लेट बसताना एवढं होतं. केबलला हात लावला नाही. दोनच्या खाली गेला तर सैल करायची, ही सूचना बॉनेटच्या आत मार्करने लिहिली, बाणासकट. पुढे गाडी कुणाच्याही हातात गेली तरी पाना उलटा फिरू नये.

जुनी प्रेशर प्लेट मिस्त्रींनी नेली, शिकाऊ पोरांना पाकळ्यांवरच्या पायऱ्या दाखवायला. चाकं काढली होती तेव्हा उजव्या शाफ्टच्या बाहेरच्या बूटला बारीक भेग दिसली होती, आज तिथून ग्रीस यायला लागलंय. बूट आणि क्लँप सांगून ठेवलेत, पुढच्या रविवारी ते काम.